कॉटरीचा करंट नजरेआड कुठे जातो? सुरक्षित लॅप्रोस्कोपिक हुक घडवण्याची कृती

दुर्बिणीतून पित्ताशय काढताना पडद्यावर कॉटरीच्या, म्हणजे विजेच्या करंटनं मांस कापणाऱ्या हुकचं जेमतेम चार-पाच सेंटिमीटर टोक दिसतं. बाकीची दांडी कॅमेऱ्याच्या मागे असते, आणि तिथं ती आतड्याला टेकलेली असू शकते. त्या जागी इन्सुलेशनला केसाएवढी चीर असली तरी करंट तिथून उतरतो आणि आतड्यावर टिकलीएवढी जागा भाजते. त्या क्षणी रक्त दिसत नाही, धूरही दिसत नाही. काही दिवसांनी भाजलेला भाग मरतो, आतड्याला भोक पडतं आणि पेशंट ताप, पोटदुखी घेऊन परत येतो.

म्हणून टोक किती छान कापतं यावर सगळा वेळ घालवू नका. टोकाकडे सर्जनचं लक्ष असतंच. डिझाइन करणाऱ्यानं लक्ष द्यायचं ते उरलेल्या अठ्ठावीस सेंटिमीटर दांडीकडे, हँडलकडे, केबलकडे आणि पेशंटच्या मांडीवरच्या प्लेटकडे.

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत सर्जिकल अवजारं बनवू पाहणारे उद्योजक, व्हीएनआयटीसारख्या इंजिनियरिंग कॉलेजात प्रोजेक्ट करणारे विद्यार्थी आणि मेडिकल, मेयो, एम्स या सरकारी रुग्णालयांतल्या कामाचा अनुभव असलेले बायोमेडिकल इंजिनियर यांना डोळ्यांसमोर ठेवून ही माहिती लिहिली आहे. उदाहरण एकच धरलं आहे: ५ मिमी जाडीचा, ३३ सेंटिमीटर कामाच्या लांबीचा मोनोपोलर (करंट शरीरातून प्लेटकडे परत जाणारा) 'एल' हुक.

पहिली पायरी: करंटचा पूर्ण फेरा कागदावर काढा

जनरेटर, केबल, हँडल, दांडी, टोक, पेशंटचं शरीर, प्लेट आणि परत जनरेटर. हा फेरा मोठ्या कागदावर काढा आणि करंट वाट चुकू शकेल अशा प्रत्येक जागी लाल खूण करा. आमच्या मते हे काम हुकच्या ड्रॉइंगच्याही आधी व्हायला हवं. पुढे जोखमीची फाइल तयार करताना हाच कागद कामी येतो.

फेरा काढताना एक गैरसमज पुसून टाका. थिएटरमध्ये सर्रास 'अर्थ प्लेट' म्हणतात, पण आजच्या आयसोलेटेड (आउटपुट अर्थपासून वेगळं ठेवलेल्या) जनरेटरमध्ये ती प्लेट अर्थला जोडलेली नसते. ती करंटची परतीची वाट असते. ज्याच्या डोक्यात 'अर्थ' बसलं आहे, तो प्लेट नीट चिकटली नाही तरी चालेल असं समजतो, आणि भाजण्याच्या कितीतरी घटनांची सुरुवात तिथूनच होते.

आता थोडं गणित. कॉटरीची फ्रिक्वेन्सी बहुधा ३०० ते ५०० किलोहर्ट्झ असते, कारण साधारण १०० किलोहर्ट्झच्या वर स्नायू आणि नसा करंटला झटका देऊन उत्तर देत नाहीत. उरते ती उष्णता. ती करंटच्या घनतेच्या वर्गाच्या पटीत वाढते. टोकाची १ चौरस मिमी जागा आणि प्लेटची १०० चौरस सेंटिमीटर जागा यांत १०,००० पटींचा फरक आहे, म्हणून टोकाशी उष्णता १० कोटी पट. एकच करंट टोकाशी मांस कापतो आणि प्लेटखाली कातडी कोमटसुद्धा होत नाही, त्याचं कारण हे. बारीक चीर मोठ्या फटीपेक्षा घातक का, हेही याच हिशोबातून कळतं. चीर जितकी लहान, तितकी करंटची घनता जास्त.

दुसरी पायरी: व्होल्टेज आधी ठरवा, मग जाडी

जनरेटरच्या 'कट' (कापण्याच्या) मोडमध्ये अखंड साइन वेव्ह असते आणि पीक (लाटेच्या शिखराचं) व्होल्टेज कमी. टिश्यूवर ठिणगी पडून पेशी वाफाळायला सुमारे २०० व्होल्ट पीक लागतात. त्याच्या वर जितकं चढवाल, तितका कापलेल्या कडेला पांढरा, शिजलेला पट्टा रुंदावतो. 'कोॲग'मध्ये (रक्त थांबवण्याच्या मोडमध्ये) करंट तुटक असतो, कित्येक जनरेटरांत एकूण वेळेच्या जेमतेम ६ टक्के. त्यामुळे तेवढीच पॉवर द्यायला पीक व्होल्टेज ३,००० किंवा त्याहून वर चढवावं लागतं. टोक हवेत असताना पेडल दाबलं तर व्होल्टेज कमाल पातळीला जातं. तुमच्या इन्सुलेशनची खरी परीक्षा तेव्हा असते.

हुक ज्या जनरेटरवर आणि ज्या मोडमध्ये चालणार, त्यातलं सर्वांत जास्त पीक व्होल्टेज शोधा आणि हुकचं रेटेड ॲक्सेसरी व्होल्टेज (हुक जास्तीत जास्त किती व्होल्टला चालेल तो आकडा) त्याच्या वर ठेवा. हा आकडा पाकिटावर आणि माहितीपत्रकात ठळक छापा. स्प्रे मोडला (दुरून ठिणग्यांचा फवारा मारण्याच्या मोडला) हुक पात्र ठरवण्याचा मोह टाळा. पोटाच्या आत, नजरेआड दांडी असताना इतकं चढं व्होल्टेज वापरण्याची गरज क्वचितच पडते, आणि त्या क्वचित वेळेसाठी प्रत्येक पेशंटला जास्त धोक्यात टाकणं आम्हाला पटत नाही.

तिसरी पायरी: इन्सुलेशन

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या.

इन्सुलेशन धडधाकट असलं तरी करंट पार जातो, कारण आत धातूची सळई, मध्ये प्लास्टिक आणि बाहेर धातूची कॅन्युला (पोटाच्या भिंतीतून अवजार आत नेणारी नळी) म्हणजे सरळसरळ कपॅसिटर. सळई ४.५ मिमी, वर ०.२५ मिमी जाड पीटीएफई (टेफ्लॉन), बाहेरचा व्यास ५ मिमी आणि कॅन्युलात १० सेंटिमीटर लांबी धरा. कॅन्युला ओली आणि चिकटून आहे असं मानलं, तर कपॅसिटन्स साधारण १११ पिकोफॅरड येतो. ४०० किलोहर्ट्झला हा अडथळा सुमारे ३,६०० ओहम. ३७५ व्होल्ट आरएमएस (परिणामी व्होल्टेज) असताना, म्हणजे ३,००० पीकच्या कोॲगला, १०५ मिलिअँपिअरच्या आसपास करंट कॅन्युलात उतरतो. आता सळई ४ मिमी आणि इन्सुलेशन ०.५ मिमी करा. कपॅसिटन्स ५२ पिकोफॅरड होतो आणि करंट ४९ मिलिअँपिअरवर येतो. पाव मिलिमीटर जाडी वाढवली आणि गळती निम्म्यावर आली.

याची किंमत आहेच. भरीव सळईचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानं बदलतो, म्हणजे ४.५ वरून ४ वर आल्यावर तो साधारण ३८ टक्क्यांनी उतरतो. हुकनं टिश्यू उचलून ताणताना सर्जनला हे लगेच जाणवतं. ०.३५ ते ०.४ मिमीच्या आसपास तडजोड करून पाहा, आणि मोजमापाइतकंच वजन सर्जनच्या हाताला द्या.

कॅन्युला पूर्ण धातूची असेल तर हा करंट पोटाच्या भिंतीत रुंद पसरून निरुपद्रवी होतो. धातूच्या कॅन्युलाला प्लास्टिकची पकड असली की भिंतीकडची वाट बंद होते आणि तोच करंट कॅन्युलाच्या आतल्या टोकाला टेकलेल्या आतड्यातून उतरतो. अशी मिश्र कॅन्युला वापरू नये, हे माहितीपत्रकात मराठी आणि हिंदीतही छापा. वाचणारी सिस्टर असते, इंग्रजी पत्रक नुसतं घडी होऊन राहतं.

मटेरियल निवडताना पीटीएफई, एफईपी, पीईईके (PEEK) आणि नायलॉन पावडर कोटिंग हे पर्याय समोर येतात. श्रिंक स्लीव्ह स्वस्त पडते, पण १३४ अंशांच्या ऑटोक्लेव्हमधून वारंवार गेल्यावर टोकाकडून मागे सरकते. स्टीलपेक्षा पीटीएफई तापल्यावर कितीतरी पट जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे प्रत्येक चक्रात दोघांची ओढाताण होते. उपाय असा: सळईच्या टोकाला ०.३ मिमी खोल खाच घ्या, स्लीव्हची कड त्या खाचेत बसवा आणि पुढे सिरॅमिकची कॉलर लावा. टोकाची उष्णताही कॉलरवर अडते.

सळईवर टर्निंगचा एकही बर (धातूचा टोकदार कंगोरा) शिल्लक राहू देऊ नका. हिंगण्यात जॉब वर्कला देताना ड्रॉइंगवर 'सर्व कडा किमान ०.२ मिमी त्रिज्या' असं स्पष्ट लिहा, नाहीतर कडा तीक्ष्ण येतात आणि तिथंच विद्युतक्षेत्र एकवटून इन्सुलेशन फुटतं. स्लीव्ह आणि सळईच्या मध्ये हवेचा पातळ थर राहणं हा दुसरा दोष. हवेतलं क्षेत्र शेजारच्या पीटीएफईपेक्षा सुमारे २.१ पट जास्त असतं, आणि हवा तर दर मिलिमीटरला साधारण ३,००० व्होल्टला फुटते. त्या फटीत बारीक ठिणग्या पडत राहतात आणि इन्सुलेशन आतून पोखरलं जातं. बाहेरून हुक नवाकोरा दिसतो. दांडी आडवी कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर आतल्या बाजूला तपकिरी, झाडाच्या फांद्यांसारख्या रेषा दिसतात. असा नमुना सापडला की ती सगळी बॅच थांबवा.

इन्सुलेशन दोन रंगांचं करा: आत पिवळं, वर काळं. ओरखडा वरच्या थरातून आत गेला की पिवळी रेघ उठून दिसते. सीएसएसडीत (अवजारं निर्जंतुक करणाऱ्या विभागात) दिवसाला कित्येक ट्रे तपासणाऱ्या माणसाला भिंगाशिवाय कळेल, अशी ही सोय आहे.

बजेट असेल तर दांडीभोवती धातूचं कवच द्या. मध्ये सळई, मग इन्सुलेशन, मग पातळ धातूची नळी, मग पुन्हा इन्सुलेशन. कवच जनरेटरच्या परतीच्या वाटेला जोडलं की गळलेला करंट तिथंच पकडला जातो, आणि तो ठरलेल्या पातळीवर गेला की मशीन बंद पडतं. अडचण एवढीच की कवचामुळे कपॅसिटन्स वाढतो आणि ५ मिमीत सळई आणखी बारीक करावी लागते.

चौथी पायरी: टोक

उघडा धातू जितका कमी तितका चांगला. 'एल' हुकची आतली बाजू काम करते. बाहेरची टाच मागच्या टिश्यूला चटका देते. टाचेवर सिरॅमिक कोटिंग द्या. कामाची कड बारीक ठेवली की कमी व्होल्टेजला काप सुरू होतो.

टोकाला मांस चिकटून काळी खपली धरते, हा रोजचा त्रास. खपली वाळली की ठिणगी नको तिथून पडते, आणि जिथं ऑक्सिजन जास्त आहे तिथं ती पेटूही शकते. ३०४ स्टीलला आरसा पॉलिश दिलं तर फरक पडतो. पीटीएफईचा थर देता येतो, पण तो सलग २६० अंशांपर्यंतच टिकतो आणि ठिणगीची जागा त्याच्या कितीतरी वर तापते. म्हणून असा थर असलेलं टोक एकदाच वापरायचं ठेवा. ओल्या गॉजनं पुसून निघेल इतकं पॉलिश हवं. तसं नसेल तर सर्जरी चालू असताना कोणीतरी ब्लेडच्या पाठीनं टोक खरवडतं आणि शेजारच्या इन्सुलेशनला नख लागतं.

पाचवी पायरी: हँडल, बटण, केबल

कटसाठी पिवळं, कोॲगसाठी निळं, हे रंग बदलू नका. बटणाखाली सलाइन शिरून आपोआप करंट सुरू होणं हा जुना आणि धोकादायक दोष आहे. बटणावर अखंड सिलिकॉन पडदा द्या, सांधा चिकटवण्याऐवजी दाबून बंद करा आणि पाणी वाहून जायला हँडलच्या तळाशी भोक ठेवा.

केबलची पिन बोटाला लागणार नाही अशी आत दडलेली हवी आणि भिंतीच्या प्लगमध्ये मुळीच शिरू नये. केबल हँडलला जिथं मिळते तिथं मऊ रबरी बाही द्या, कारण तार नेहमी याच वळणावर तुटते.

एक छोटी गोष्ट, पण आम्हाला महत्त्वाची वाटते. थिएटरमध्ये केबल चादरीला लावायला धातूची टॉवेल क्लिप वापरतात आणि उरलेली केबल तिच्याभोवती गुंडाळतात. त्या क्लिपमध्ये करंट उतरतो, आणि खाली पेशंटची कातडी असते. पाकिटात प्लास्टिकची क्लिप आणि हुक ठेवायला इन्सुलेटेड खोळ टाका. खर्च नगण्य आहे.

सहावी पायरी: प्लेट, आणि नागपूरचा उन्हाळा

प्लेट दुसऱ्या कंपनीची असली तरी तिचा हिशोब तुमच्या फाइलमध्ये हवा. आयईसी ६०६०१-२-२ या कॉटरीच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ७०० मिलिअँपिअर ६० सेकंद दिल्यावर प्लेटखाली तापमान ६ अंशांपेक्षा जास्त वाढू नये. दोन भागांत विभागलेली प्लेट घ्या. जनरेटर दोन भागांमधला अडथळा सतत मोजतो आणि प्लेट सुटू लागली की आवाज देऊन करंट तोडतो. ५० वॅटच्या वरच्या जनरेटरला प्लेटच्या वायरवर देखरेख सक्तीची आहे, पण फक्त वायर तुटली का हे पाहणारी जुनी पद्धत पुरेशी नाही. प्लेट अर्धी सुटली तरी वायर जोडलेलीच असते.

करंट प्लेटच्या ऑपरेशनकडच्या कडेला एकवटतो, म्हणून लांब कड त्या दिशेला ठेवायची. प्लेट कापून लहान करायची नाही.

आता नागपूरचा प्रश्न. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि पत्र्याच्या गोदामात त्याहून जास्त. प्लेटवरचं जेल पाण्यावर जगतं. पाकिटाचं सील ढिलं असलं किंवा पाकीट आदल्या दिवशी फोडलं असलं की कडा वाळून कडक होतात. बोटानं दाबलं तर चिकट, ओलसर लागायला हवं. काचेसारखं गुळगुळीत लागलं तर टाकून द्या. साठवणुकीच्या चाचण्या ५५ अंशांवर करा आणि पाकिटावर तापमानाची मर्यादा चिन्हासह छापा. पेशंट घामाघूम आला असेल तर कातडी पुसून कोरडी करण्याची सूचना याच पाकिटावर हवी.

सातवी पायरी: जनरेटरकडून काय मागायचं

आयसोलेटेड आउटपुट, एकूण पॉवर ४०० वॅटच्या आत, आणि पेशंटच्या वाटेत सिरीज कपॅसिटर: मोनोपोलरला कमाल ५,००० पिकोफॅरड, बायपोलरला ५० नॅनोफॅरड. ठिणगी पडताना करंटमध्ये कमी फ्रिक्वेन्सीचा भाग तयार होतो आणि स्नायू झटका देतो. हा कपॅसिटर तो भाग रोखतो. करंट चालू आहे हे सांगणारा आवाज बंद करायची सोय देऊ नका.

काम बायपोलरनं होत असेल तर

बायपोलरनंच करा. करंट दोन पात्यांच्या मध्येच फिरतो, प्लेट लागत नाही, नजरेआडचा धोका बराच कमी होतो. रक्तवाहिनी सील करणाऱ्या अवजारांत ७ मिमीपर्यंतची वाहिनी बंद होते. त्यामागे उष्णतेइतकाच दाब महत्त्वाचा आहे: दर चौरस सेंटिमीटरला ३ ते १६ किलो. पाती पूर्ण मिटल्यावर मध्ये ०.०३ ते ०.१५ मिमी फट राहिली पाहिजे. ती राखायला सिरॅमिकचे बारीक टेकू लावतात. फट नसेल तर पाती एकमेकांना भिडून शॉर्ट होतात, जास्त असेल तर सील कच्चं राहतं. व्होल्टेज २०० च्या आत ठेवून करंट ४ अँपिअरपर्यंत द्यावा लागतो. मग ठिणगी पडत नाही, मांस जळत नाही, कोलाजन वितळून एकजीव होतं. पात्यांची बाहेरची पाठ मात्र तापते. तिला प्लास्टिकचं आवरण द्या.

आठवी पायरी: चाचण्या, याच क्रमानं

हुक आधी ०.९ टक्के सलाइनमध्ये किमान १२ आणि कमाल २४ तास भिजवा. कोरड्या हुकची चाचणी म्हणजे स्वतःची फसवणूक, कारण खरा दोष स्लीव्हच्या कडेतून पाणी आत शिरल्यावर उघडा पडतो. मग उच्च फ्रिक्वेन्सीची गळती मोजा. त्यानंतर ०.४ मिमी जाडीची उघडी तार दांडीभोवती गुंडाळून रेटेड व्होल्टेजच्या १२० टक्के, ३० सेकंद द्या. अंधारात निळसर झाक दिसली तर ते कोरोना (तारेभोवतीच्या हवेतून करंट झिरपल्याची चमक), आणि इन्सुलेशन फुटलं तर उघड नापास. शेवटी ५० हर्ट्झची हाय-पॉट (उच्च व्होल्टेजची) चाचणी, रेटेड पीकपेक्षा १,००० व्होल्ट वर.

हे सगळं नव्या हुकवर झालं की तोच हुक ऑटोक्लेव्हमधून काढा आणि २५, ५०, १०० चक्रांनंतर पुन्हा तेच करा. ऑटोक्लेव्हमध्ये बोअरचं जड पाणी वापरून वेगळा संच चालवा. विदर्भातल्या कितीतरी लहान दवाखान्यांत तेच पाणी असतं आणि क्षारांचा पांढरा थर कॉलरच्या सांध्यात बसून ओला झाला की करंट वाहून नेतो. डिस्टिल्ड पाण्यावर १०० चक्रं टिकलेला हुक या संचात आधीच हरू शकतो. दावा कमी आकड्याचाच करा.

टिश्यूवर चाचणीसाठी ताजी मटणाची कलेजी आणि चिकनचं ब्रेस्ट चालतं. ३७ अंशांवर आणून, एकाच वेगानं, एकाच खोलीवर काप घ्या. मग काप आडवा छेदून पांढऱ्या पट्ट्याची रुंदी मोजा. तापमानासाठी साधं थर्मोकपल लावू नका. उच्च फ्रिक्वेन्सीच्या क्षेत्रात त्याची तारच अँटेना होते आणि खोटे आकडे दाखवते. थर्मल कॅमेरा किंवा फायबर ऑप्टिक सेन्सर घ्या.

परवाना

वैद्यकीय उपकरण नियम २०१७ लागू आहेत. परवाना राज्याच्या एफडीएकडून मिळणार की सीडीएससीओकडून (केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेकडून), हे उपकरणाच्या वर्गावर ठरतं: 'अ' आणि 'ब' वर्ग राज्याकडे, 'क' आणि 'ड' केंद्राकडे. चाचणीपुरते नमुने बनवायलाही आधी परवानगी लागते. त्यासाठी अर्ज एमडी-१२, परवाना एमडी-१३. आयएसओ १३४८५ ची गुणवत्ता पद्धत आणि आयएसओ १४९७१ ची जोखीम फाइल पहिल्या दिवसापासून लिहा. शेवटी बसून मागच्या तारखांची फाइल तयार केली की ऑडिटरला ती पहिल्या पानावरच ओळखू येते.

हुक दवाखान्यात गेल्यावर

धंतोली, रामदासपेठेत दिवसाला चार-पाच लॅप्रोस्कोपी करणाऱ्या ठिकाणी एकच हुक महिनोन् महिने चालतो. म्हणून दांडीच्या मागच्या टोकाला लेझरनं अनुक्रमांक कोरा आणि हुकसोबत वापर नोंदवायचं कार्ड द्या. सीएसएसडीकडे पोरोसिटी डिटेक्टर (इन्सुलेशनमधली बारीक भोकं शोधणारं यंत्र) असेल तर त्यावर किती व्होल्ट लावायचे, तेही कार्डवर छापा. परत आलेला प्रत्येक नापास हुक आडवा कापा, फोटो काढा आणि चीर टोकापासून किती मिलिमीटरवर होती ते जोखीम फाइलमध्ये लिहा. पंधरा-वीस नोंदी झाल्या की चिरा कुठल्या पट्ट्यात गोळा होतात ते दिसतं. बहुधा ती जागा कॅन्युलाच्या तोंडाशी घासणारी किंवा कॉलरच्या लगेच मागची निघते. पुढच्या ड्रॉइंगमध्ये इन्सुलेशनची जादा जाडी तिथं द्या.